वेष्टनावर एक ओळ हवी

जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा येथील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा एक तरी आजार होता. सरासरी काढली तर एकेकीला साडेतीनहून अधिक. त्याआधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हे आकडे स्त्री-आरोग्याच्या चर्चेत तीन दशके सांगितले जात आहेत आणि ते सांगितलेच पाहिजेत. पण त्यांतून आणखी एक गोष्ट निघते, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. धुपणी होती, खाज होती, ओटीपोटात कळ होती, अंग बाहेर येत होते. तक्रार मात्र कुठेच नोंदलेली नव्हती. शरीराच्या या भागाचे दुखणे जिथे डॉक्टरपर्यंतही पोहोचत नाही, तिथे या भागाला लागणाऱ्या एखाद्या वस्तूने अपाय केला तर तो दुकानदाराच्या, कंपनीच्या किंवा सरकारच्या कानावर जाईल, ही आशा धरता येत नाही. इतर कुठलाही माल खराब निघाला की गिऱ्हाईक भांडते, परत करते, चार जणांना सांगते, आणि बाजार थोडाफार सुधारतो. इथे ती वाटच बंद आहे. म्हणून ज्या वस्तूबद्दल तक्रार होऊच शकत नाही, तिची तपासणी विक्रीच्या आधी झाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. हे म्हणणे मी प्रौढांच्या खाजगी सुखाच्या साधनांविषयी मांडतो आहे. बाजारात त्यांना सेक्स टॉय म्हणतात आणि खोक्यावर बहुतेकदा ‘मसाजर’ एवढेच लिहिलेले असते.

प्रश्न या वस्तूंच्या असण्यानसण्याचा नाही, त्या कशाच्या बनतात याचा आहे. हाताची कातडी जाड असते, तिच्यावर मृत पेशींचा थर असतो. योनीच्या किंवा गुदद्वाराच्या आतले अस्तर, म्हणजे श्लेष्मल त्वचा, पातळ, ओलसर आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. काही औषधे तिथूनच शरीरात सोडली जातात, कारण तिथून ती लवकर शोषली जातात. औषध शोषले जाते तसे नको असलेले रसायनही शोषले जाऊ शकते. स्वस्त, लिबलिबीत, ‘जेली’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू बऱ्याचदा पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी मुळात टणक असते. नळाचे पाइप त्याचेच. ते मऊ करायला त्यात थॅलेट नावाची तेलकट रसायने मिसळतात. ती प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती त्यात मुरलेली असतात. म्हणून उष्णता, घर्षण आणि तेल मिळाले की हळूहळू बाहेर येतात. ग्रीनपीसच्या नेदरलँड्स शाखेने २००६ मध्ये अशा आठ वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेतल्या, तेव्हा सात वस्तूंत थॅलेट सापडले, वजनाच्या २४ ते ५१ टक्के. म्हणजे काही वस्तूंचे निम्मे वजन त्याच रसायनाचे. लहान मुलांच्या खेळण्यांत प्रमुख थॅलेटसाठी युरोपने घातलेली मर्यादा ०.१ टक्का आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत यातल्या काही थॅलेटचा संप्रेरकांवर आणि प्रजननक्षमतेवर परिणाम दिसला, म्हणून ही मर्यादा आली.

दुसरा धोका रसायनाचा नाही, पृष्ठभागाचा आहे. मऊ पीव्हीसी, आणि टीपीई किंवा टीपीआर या नावांनी ओळखले जाणारे रबरासारखे प्लास्टिक सूक्ष्म छिद्रांचे असते. वरून धुतले तरी छिद्रांत स्राव, जंतू आणि बुरशी राहू शकते, आणि उकळायला जावे तर वस्तू वितळते किंवा वाकडी होते. अमेरिकेत २०१४ मध्ये डझनभर स्त्रियांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंधित एचपीव्ही या विषाणूचा अंश साधनांवर किती टिकतो, हे त्यात पाहिले होते. धुतल्यानंतर चोवीस तासांनीही काही टीपीई साधनांवर तो सापडला. सिलिकॉनच्या साधनांवर सापडला नाही. एवढ्या लहान अभ्यासावरून मोठा दावा करता येणार नाही. अंश सापडला म्हणजे संसर्ग होईलच, असेही नाही. पण साहित्य बदलले की स्वच्छतेचा निकाल बदलतो, हे समजायला तो पुरेसा आहे.

घ्यायचेच असेल तर काय घ्यावे, याचे उत्तर अवघड नाही. शुद्ध सिलिकॉन, म्हणजे प्लॅटिनम उत्प्रेरक वापरून घट्ट केलेले, ज्याला वैद्यकीय दर्जाचे म्हणतात ते, गुळगुळीत पोलाद, बोरोसिलिकेट काच, ज्यापासून प्रयोगशाळेतली भांडी बनतात, आणि एबीएस हे टणक प्लास्टिक. या चारही साहित्यांच्या पृष्ठभागाला जंतू दडून राहतील अशी छिद्रे नसतात. पोलाद, काच आणि मोटर नसलेले सिलिकॉन काही मिनिटे पाण्यात उकळता येते. एबीएस आणि मोटरची वस्तू साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी. काचेला टवका किंवा चीर गेलेली दिसली की ती फेकावीच. सिलिकॉनच्या वस्तूवर सिलिकॉनचेच वंगण लावले तर पृष्ठभाग चिकट होऊन खराब होऊ शकतो, म्हणून पाण्यात विरघळणारे वंगण बरे. खोबरेल तेल घरोघरी असते, पण ते लेटेक्सच्या कंडोमला कमकुवत करते, हे फार थोड्यांना माहीत असते. सच्छिद्र वस्तू हाती असेल आणि दुसरी घेणे शक्य नसेल तर तिच्यावर दर वेळी नवा कंडोम चढवावा, आणि ती दोघांत वाटून घेऊ नये. लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्याने साहित्याचे नाव दुप्पट काळजीने पाहावे. गुदद्वारासाठीच्या वस्तूला रुंद बैठक हवी. नसेल तर वस्तू आत सरकून अडकू शकते आणि शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येऊ शकते. नव्या रेनकोटसारखा उग्र वास, हाताला लागणारा तेलकटपणा, काही महिन्यांत चिकट होणारा पृष्ठभाग, ही मऊ पीव्हीसीची लक्षणे. तशी वस्तू वापरू नये.

पण इथेच खरी अडचण येते. हे सारे ज्ञान गिऱ्हाइकाच्या उपयोगाचे केव्हा? वस्तू कशाची आहे हे त्याला कळेल तेव्हा. खोक्यावर ‘स्किन फील’, ‘सॉफ्ट सिलिकॉन’, ‘प्रीमियम’ असले शब्द असतात, आणि कोणीही ते छापू शकतो. अमेरिकेत कित्येक वर्षे अशा खोक्यांवर ‘फक्त गमतीची वस्तू’ अशा अर्थाची ओळ छापली जात असे, म्हणजे शरीरात वापरल्यावर काही झाले तर जबाबदारी आमची नाही. आपल्याकडचा ‘मसाजर’ हा शब्द तेच काम करतो. पाठ दाबायची वस्तू म्हणून विकली की श्लेष्मल त्वचेसाठी ती योग्य आहे का, हा प्रश्न विक्रेत्याला लागू होत नाही. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, मूळ देश, किंमत आणि तारीख असावी लागते. वस्तू कोणत्या साहित्याची, हे सांगण्याची सक्ती नाही. लहान मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले, आणि ते योग्यच झाले. प्रौढांच्या या साधनांसाठी तशी सक्ती नाही. बाळ जे तोंडात घालील त्याची काळजी देशाने घेतली. त्याची आई जे शरीरात घेईल त्याच्याबद्दल देश गप्प आहे.

ही गप्प राहण्याची सवय कायद्यातही मुरलेली आहे. अश्लील वस्तूंची विक्री हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ खाली गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ मध्ये होता. कुठल्या वस्तू अश्लील, याची यादी त्यात नाही. लैंगिक साधनांचे नाव नाही. सीमाशुल्क विभाग १८ जानेवारी १९६४ च्या एका अधिसूचनेचा आधार घेतो, जी अश्लील पुस्तके, चित्रे आणि वस्तूंच्या आयातीला मनाई करते. याच अधिसूचनेखाली मुंबईच्या सीमाशुल्क आयुक्तांनी बॉडी मसाजरचा एक साठा जप्त केला. त्या वस्तू लैंगिक साधने म्हणून वापरल्या जाऊ शकतात, हे कारण. अपील लवादाने जप्ती रद्द केली, आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विभागाचे अपील फेटाळले. वस्तू अश्लील ठरवणे ही आयुक्तांची कल्पना आहे, अशा शब्दांत न्यायालयाने त्या निष्कर्षाची संभावना केली. निकाल स्वागतार्ह आहे. तरी तो वाद ज्या प्रश्नाभोवती फिरला तो पाहा: वस्तू सभ्य की असभ्य. तिच्यात थॅलेट आहे का, तिच्या बॅटरीचे झाकण पाण्यापासून सुरक्षित आहे का, हे बंदरावरच्या कोणाला विचारायचेच नव्हते. दरम्यान जगाने हा प्रश्न सोडवायला घेतला होता. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आयएसओ ३५३३ हे मानक प्रसिद्ध केले. जननेंद्रिये आणि गुदद्वार यांच्याशी थेट संपर्कात येणाऱ्या वस्तूंची रचना आणि सुरक्षितता हाच त्याचा विषय. त्याची सुरुवात स्वीडनमधून झाली, आणि मागे एका शल्यचिकित्सकाचा अनुभव होता. शरीरात अडकलेल्या वस्तू काढण्याची वेळ त्याच्यावर आली होती.

आता आक्षेप. पहिला गडचिरोली आणि शेजारचा चंद्रपूर या दोन जिल्ह्यांतूनच येईल, आणि तो वजनदार आहे. भामरागडहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय दीडशे किलोमीटरहून दूर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तालुका तुटतो. सिकलसेल, हिवताप, रक्तक्षय, कुपोषण हे समोर असताना सेक्स टॉयच्या साहित्याची चर्चा चैनीची वाटेल. पण या आक्षेपात दोन गृहीतके दडलेली आहेत. एक, वनजिल्ह्यांतल्या माणसांना फक्त आजार असतात, इच्छा नसतात. चंद्रपूरच्या कोळसा खाणींच्या वसाहती, वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना, सुरजागडच्या खाणीवरचे तरुण मजूर, दोन वैद्यकीय महाविद्यालये, सगळीकडे प्रौढ माणसे राहतात, आणि कुरिअर सगळीकडे जाते. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला जो खोका मिळतो तोच राजुऱ्यात मिळतो. फरक एवढाच की पुण्यात अपाय झाला तर बिनओळखीचा स्त्रीरोगतज्ज्ञ सापडतो. अहेरीत डॉक्टरही ओळखीचा, औषध दुकानदारही ओळखीचा. तक्रारीची वाट जितकी अरुंद, तितकी आधीची तपासणी गरजेची. म्हणून हा नियम मुंबईपेक्षा गडचिरोलीला जास्त हवा.

दुसरे गृहीतक असे की या वस्तू फक्त सुखासाठी असतात. ज्यांचे अंग बाहेर येते त्या बायांना शस्त्रक्रिया शक्य नसेल तेव्हा डॉक्टर योनीत पेसरी नावाची कडी बसवतात. ती महिनोन्‌महिने आत राहते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी विदर्भातल्या कित्येक स्त्रिया नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात जातात. किरणोपचारानंतर योनीमार्ग आखडू नये म्हणून अशा रुग्णांना डायलेटर वापरायला सांगतात. संभोगाच्या वेळी स्नायू आपोआप आवळले जाऊन असह्य वेदना होणाऱ्या स्त्रियांच्या उपचारातही तेच साधन येते. हे डायलेटर आणि दुकानातले साधन यांत आकाराचा फरक फारसा नसतो. एक वैद्यकीय म्हणून विकले जाते आणि त्याचे साहित्य सांगितले जाते. दुसरे मसाजर म्हणून, आणि त्याचे साहित्य झाकलेले राहते. शरीराचे अस्तर मात्र दोन्हीकडे एकच. सॅनिटरी पॅडचेही असेच. ‘टॉक्सिक्स लिंक’ या दिल्लीच्या संस्थेने २०२२ मध्ये भारतीय बाजारातली दहा पॅड तपासली, आणि दहाही नमुन्यांत थॅलेट सापडले. महाराष्ट्राने २०१८ मध्ये ‘अस्मिता’ योजना आणली तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीला आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत मिळावे, ही चर्चा झाली आणि ती महत्त्वाची होती. पॅडच्या आत काय आहे, ही चर्चा झाली नाही. खाजगी वापराच्या वस्तूंवर साहित्य लिहिण्याचा नियम झाला तर तो सुखाच्या साधनांपुरता थांबणार नाही. शाळेतल्या मुलीच्या पाकिटापर्यंत जाईल.

दुसरा आक्षेप शास्त्राच्या बाजूने येतो: अपाय सिद्ध कुठे झाला आहे? हा प्रश्न प्रामाणिक आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००६ मध्येच या वस्तूंतल्या रसायनांची पाहणी केली होती. नेहमीच्या, माफक वापरातून आरोग्याला मोठा धोका दिसत नाही, पण गरोदर व स्तनदा स्त्रियांनी आणि फार वारंवार वापरणाऱ्यांनी काळजी घ्यावी, असा तिचा सूर होता. मला हा निष्कर्ष मान्य आहे, आणि जेली हातात धरली की कर्करोग होतो असली भीती कोणी पसरवत असेल तर ती खोटी आहे. मात्र डेन्मार्कचा सल्ला ज्या देशात पाळता येतो तिथे वस्तूंची पाहणी करणारी सरकारी संस्था आहे. गरोदर बाईने थॅलेट टाळावे, हे तिला सांगून उपयोग काय, जर कोणत्या खोक्यात थॅलेट आहे हेच तिला कळणार नसेल? आणि पुरावा नाही म्हणताना गडचिरोलीचाच धडा आठवावा. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणीत सुमारे निम्म्या स्त्रियांनी कुठलीच तक्रार सांगितली नव्हती. दवाखान्याच्या नोंदवहीवर विसंबून राहणाऱ्याला त्या निरोगी दिसल्या असत्या. कोणी शोधलेच नाही म्हणून न सापडलेल्या अपायाला सुरक्षिततेचे प्रमाणपत्र समजता येत नाही.

तिसरा आक्षेप संस्कृतीचा. मानक ठरवणे म्हणजे सरकारने मान्यता देणे, मान्यता म्हणजे प्रसार, असे म्हटले जाईल. महाराष्ट्रात हा वाद जुना आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे खटला हरले, दंड झाला. आज कंडोमवर मानक आहे, तो वैद्यकीय उपकरण म्हणून तपासला जातो, आणि यामुळे समाज बिघडला असे कोणी म्हणत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरांतून मुलामुलींसमोर शरीराविषयी सरळ मराठीत बोलायला सुरुवात केली, तेव्हाही पालकांच्या मनात हीच भीती असणार. ज्याला ही साधने घरात नको आहेत त्याचा तो हक्क मला पूर्ण मान्य आहे. पण शेजारच्या घरातली वस्तू विषारी राहावी, असा आग्रह त्या हक्कातून निघत नाही. गडचिरोलीने १९९३ पासून दारूबंदी पाहिली, चंद्रपूरने २०१५ ते २०२१. बंदी हवी म्हणणाऱ्यालाही आणि नको म्हणणाऱ्यालाही हे ठाऊक आहे की चोरून आलेल्या बाटलीत काय आहे, याची हमी कोणी देत नाही. तिथे निदान वादाला जागा आहे, कारण दारू शुद्ध असली तरी शरीराला घातकच. उकळता येणारे सिलिकॉनचे साधन घातक नाही. आडोशाच्या व्यापारामुळे त्याच्या जागी येणारे तेलकट पीव्हीसी घातक असू शकते.

किमतीचा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. सिलिकॉन महाग, पीव्हीसी स्वस्त. नियम आला की स्वस्त वस्तू बाजारातून जाईल आणि कमी पैसेवाला घरातल्या भलत्यासलत्या वस्तू वापरेल, जे सर्वांत धोक्याचे. म्हणून सुरुवात बंदीने करू नये. एबीएसचे साधन पीव्हीसीइतकेच स्वस्त बनू शकते. खोक्यावर एक ओळ सक्तीची करावी: शरीराला लागणारा भाग कोणत्या साहित्याचा, थॅलेट आहे की नाही, उकळता येते की नाही. ओळ खोटी निघाली तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली दंड, आणि नमुने उचलण्याचे काम ब्यूरोचे. गिऱ्हाइकाने पुढे येण्याची वाट पाहू नये. त्याचबरोबर आयएसओ ३५३३ च्या आधाराने भारतीय मानक लागू करून काही वर्षांच्या मुदतीत ते सक्तीचे करावे. ‘मसाजर’ हा शब्द पळवाट ठरू नये म्हणून नियम नावाला लावू नये, आकार आणि वापराच्या संभाव्यतेला लावावा. १९६४ च्या अधिसूचनेचा अर्थ काय, हे सीमाशुल्क विभागाने उच्च न्यायालयाच्या निकालानंतर परिपत्रक काढून सांगावे, म्हणजे मानकाप्रमाणे बनवलेला माल उघडपणे आणू पाहणाऱ्या आयातदाराला बंदरावर चोर ठरावे लागणार नाही. आणि आशा कार्यकर्तीच्या प्रशिक्षणात कंडोम, पॅड आणि पेसरीबरोबर दहा मिनिटे याही साधनांच्या साहित्यावर द्यावीत. एखादी बाई धीर करून खाज सुटल्याचे सांगेल तेव्हा काय विचारायचे, हे त्या कार्यकर्तीला ठाऊक असले पाहिजे.